तोक्योत हलाल जेवण शोधताना

श्रोतेहो, नमस्कार, अस्सलामु अलैकुम.

परदेशी निघालेल्या मुसलमान मुलाला घरचे पहिल्यांदा विचारतात, ‘तिथं खाण्यापिण्याचं काय?’ दुबईचं काही विचारायलाच नको. मलेशियात सरकारी खातं आणि सिंगापुरात तिथली इस्लामी परिषद हलालचं प्रमाणपत्र देते. दारावरची पाटी बघायची आणि निवांत आत जायचं. जपानात अशी एकच सरकारी मोहोर नाही. तिथे प्रमाणपत्रं खासगी संस्था देतात आणि प्रत्येकीचे निकष वेगळे. शिवाय काही दुकानांवर ‘मुस्लिम फ्रेंडली’ अशी पाटी असते. तिचा अर्थ पुष्कळदा एवढाच, की काही पदार्थ आपल्याला चालण्यासारखे आहेत. त्याच स्वयंपाकघरात दारू किंवा डुकराचं मांस असू शकतं. म्हणून पाटी दिसली तरी बसण्याआधी विचारावं.

आणि नेमकं काय विचारावं, हेच मला आज सांगायचं आहे. आपल्यातले बरेच जण विचारतात, ‘यात डुक्कर नाही ना?’ वाढणारा माणूस अगदी प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणतो. पण तोक्योत खरी अडचण मांसाच्या तुकड्याची नसते, ती रश्शात आणि सॉसमध्ये असते. मिरिन म्हणून तांदळापासून केलेली एक गोड दारू आहे, तिच्यात साधारण १४ टक्के अल्कोहोल असतं. जपानी घरात ती साखर-मिठासारखी रोजच्या स्वयंपाकात पडते. उदोन किंवा सोबा म्हणजे दिसायला साध्या शेवया, वर कांद्याची पात, पण त्यांच्या रश्शात बहुधा मिरिन असतं. तेरियाकीच्या गोडसर सॉसमध्ये मिरिन आणि साके, म्हणजे तांदळाची दारू, दोन्ही. जपानी करीच्या तयार वड्यांत अनेकदा डुकराची किंवा गाईची चरबी असते. चिकनचं म्हणून घेतलेल्या रामेनवरही, म्हणजे रश्शातल्या शेवयांवरही, डुकराच्या मांसाची चकती ठेवलेली असू शकते. म्हणून प्रश्न असा हवा : ‘मिरिन वा हाइत्ते इमासु का?’ म्हणजे, यात मिरिन आहे का? मिरिनच्या जागी साके म्हणा, बुतानिकु म्हणा, म्हणजे डुकराचं मांस. एकेका जिन्नसाचं नाव घेऊन विचारलं, की समोरच्यालाही नेमकं उत्तर देता येतं.

तोक्योतल्या आसाकुसा भागाजवळच्या एका छोट्या खाणावळीत मी असंच विचारलं. मालकीणबाई थोडा विचार करून आत गेल्या आणि सॉसची बाटली, मसाल्याचं पाकीट असं सगळं घेऊनच बाहेर आल्या. एकेका लेबलावर बोट ठेवून त्यांनी मला मजकूर दाखवला. शेवटी मान हलवून म्हणाल्या, हे नको, पण मासा मिठावर भाजून देते. पुढ्यात आला तो बांगड्याच्या जातीचा मासा, कातडी कुरकुरीत, बाजूला किसलेला मुळा आणि पांढरा भात. या प्रकाराला शिओयाकी म्हणतात आणि तोक्योत तो बऱ्याच ठिकाणी मिळतो. काही आचारी भाजण्याआधी माशावर साके शिंपडतात, तेवढं आधी विचारून घ्यावं. आपण कोकणी मुसलमान शाफई मजहबचे, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राच्या त्या परंपरेचे, त्यामुळे कोळंबी, माकूल आपल्याला चालतं. मासळीच्या त्या शहरात ही फार मोठी सोय आहे.

रस्त्यारस्त्यावरच्या कोनबिनी, म्हणजे रोजच्या गरजेच्या छोट्या दुकानांतून पाकीटबंद खाणं घेताना मात्र पाकीट उलटून बघायलाच हवं. अॅलर्जीच्या यादीत अंडं, दूध, गहू असे जिन्नस छापणं तिथे कायद्यानं सक्तीचं आहे. डुकराचं मांस आणि जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यापासून काढलेला घट्ट करणारा पदार्थ, यांची फक्त शिफारस आहे. यादीत ते दिसले तर पाकीट खाली ठेवा. पण दिसले नाहीत म्हणून निर्धास्त होऊ नका. पावात शॉर्टनिंग, म्हणजे घट्ट स्निग्ध पदार्थ, आणि मिठाईत इमल्सिफायर, म्हणजे तेल-पाणी एकजीव करणारा पदार्थ असतो, ते वनस्पतीचं की जनावराचं हे लेबलवरून कळेलच असं नाही. मोबाइलचा कॅमेरा भाषांतर करून देतो, पण ही शंका तोही सोडवू शकत नाही. सोया सॉस आंबवताना त्यात आपोआप थोडं अल्कोहोल तयार होतं, ते चालतं का, यावर आलिमांची, म्हणजे धर्मशास्त्राच्या जाणकारांची, मतं वेगवेगळी आहेत. ज्यानं त्यानं निघण्याआधीच आपल्या आलिमांना विचारून ठेवावं, दुकानात उभं राहून ठरवू नये.

कुणाला विचारावं हे सुचत नसेल, तर सरळ मशिदीत जा. योयोगी-उएहारा स्टेशनजवळ तोक्यो जामी नावाची मशीद आहे. रशियातल्या क्रांतीनंतर परागंदा झालेल्या तातार मुसलमानांनी ती १९३८ साली उभी केली. इमारत जीर्ण झाली म्हणून १९८६ साली पाडली आणि तुर्कस्तानच्या मदतीनं २००० साली पुन्हा बांधली. तिथेच हलाल जिन्नसांचं दुकान आहे. रमजानमध्ये तिथे इफ्तारला जगभरचे लोक एका पंगतीला बसतात. कुठलं हॉटेल चालू आहे, कुणी आचारी बदलला, ही ताजी खबर जुम्म्याच्या नमाजनंतर तिथे जशी मिळते तशी कुठल्याही अॅपवर मिळत नाही, असं माझं ठाम मत आहे.

जास्त दिवस राहणाऱ्यांनी शिन-ओकुबो गाठावं. शिंजुकूच्या पुढचंच स्टेशन. तिथली एक गल्ली इस्लाम योकोचो म्हणूनच ओळखली जाते. पाकिस्तानी, बांगलादेशी, नेपाळी, भारतीय माणसांची दुकानं खेटून आहेत. गोठवलेलं हलाल मटण-चिकन, बासमती, डाळी, हळद, गरम मसाला, सगळं मिळतं.

आया-बहिणींना एक कळकळीची विनंती. मुलांच्या बॅगेत खिमा, कबाब, सुकवलेलं मटण बांधून देऊ नका. तपासणीच्या सरकारी दाखल्याशिवाय मांसाचा कुठलाही पदार्थ जपानात नेता येत नाही, विमानतळावरच जप्त होतो. इथला विजेचा कुकरही देऊ नका. तिथे वीज १०० व्होल्टची, आपला २३० व्होल्टचा कुकर त्यावर नीट तापतच नाही. त्यापेक्षा लहान राइस कुकर तिथेच घ्यायला सांगा आणि घरच्या बिर्याणीचं प्रमाण कागदावर लिहून द्या. चिकन आणि तांदूळ शिन-ओकुबोत मिळतीलच.