घराची उंची सांगणारा कागद : एलिव्हेशन सर्टिफिकेट कसे वाचावे आणि कसे भरून घ्यावे

नमस्कार. न्यू जर्सीत घर घेताना आपल्यापैकी अनेकांना बँकेचे पत्र आल्यावरच कळते की घर पुराच्या झोनमध्ये आहे आणि पूरविमा उतरवल्याशिवाय कर्ज मिळणार नाही. पाठोपाठ एजंट विचारतो, ‘एलिव्हेशन सर्टिफिकेट आहे का?’ हा कागद म्हणजे घर सुरक्षित असल्याचे प्रमाणपत्र, असा समज मी इतक्या वेळा ऐकला आहे की आज सुरुवातीलाच तो दूर करते. हा केवळ मोजमापाचा दाखला आहे. पुराचे पाणी कुठवर चढेल ते नकाशा सांगतो, घराचा तळ किती उंचीवर आहे ते सर्वेअर सांगतो, आणि हे दोन आकडे या कागदावर समोरासमोर येतात.

कोल्हापूर-सांगलीकडच्या प्रेक्षकांना निळी आणि लाल पूररेषा परिचयाची असेल. तिथली लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मानली जाते. अमेरिकेत फेमा या आपत्ती व्यवस्थापन पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेच्या नकाशावर ‘ए’ किंवा ‘व्ही’ अक्षराने सुरू होणारे झोन त्याच मोजणीवर आखलेले असतात. ‘शंभर वर्षांतून एकदा’ या शब्दांनी मात्र फसू नये. अर्थ इतकाच की असा पूर कोणत्याही एका वर्षात येण्याची शक्यता १ टक्का आहे, आणि ३० वर्षांच्या कर्जाच्या मुदतीत ती सुमारे २६ टक्क्यांवर जाते. या पुराचे पाणी ज्या पातळीला पोहोचेल तिला बेस फ्लड एलिव्हेशन म्हणतात. मी तिला पूरपातळी म्हणेन.

आता फॉर्म पडद्यावर पाहा. ‘ए’ विभागात घराची माहिती, ‘बी’ मध्ये नकाशाची माहिती आणि ‘सी’ मध्ये प्रत्यक्ष मोजलेल्या उंची असतात. ‘डी’ मध्ये परवानाधारक सर्वेअर, इंजिनीअर किंवा आर्किटेक्ट सही-शिक्का करतो. म्हणजे मुख्य मोजणी आपण करायची नसते. पण भरून आलेला फॉर्म वाचायचा मात्र आपणच असतो, आणि तोही सर्वेअरचे शेवटचे पैसे देण्यापूर्वी.

वाचताना आधी ‘बी ९’ या रकान्यावर बोट ठेवा. तिथे पूरपातळी असते. मग ‘सी २’ मधील ‘एफ’ ही ओळ पाहा : घराच्या भिंतीला लागून असलेल्या जमिनीची सर्वांत कमी उंची. या दोन आकड्यांची तुलना हा या कागदाचा गाभा आहे. पण त्याआधी एक लहानसा रकाना तपासावा लागतो, आणि तो न तपासल्यामुळे आम्ही स्वतः फसलो होतो.

घर घेताना विकणाऱ्याने आम्हाला एक जुना दाखला दिला. त्यात जमिनीची उंची ४२.३ फूट होती आणि नव्या नकाशावर पूरपातळी ४२.० फूट. आपण पाण्याच्या वर आहोत, म्हणून आम्ही दोघेही खूश. पुढे सर्वेअरने त्या कागदावर पेन्सिलीने एका रकान्याभोवती गोल काढला. त्यात डेटम लिहिलेला होता, म्हणजे उंची कोणत्या शून्यापासून मोजली ते. जुना दाखला १९२९ च्या डेटमवर होता, नवा नकाशा १९८८ च्या. आमच्या भागात या दोन शून्यांमध्ये साधारण एक फुटाचा फरक पडतो. रूपांतर केल्यावर ४२.३ चे ४१.२ झाले, आणि कागदावर तीन दशांश फूट वर असलेले घर आठ दशांश फूट खाली गेले. घर जागचे हलले नव्हते! त्यामुळे ‘बी ११’ मधील डेटम आणि ‘सी २’ मधील डेटम एकच आहे का, हे पाहिल्याशिवाय पुढची ओळ वाचू नका.

दुसरी जागा ‘ए ७’, म्हणजे फॉर्मच्या सूचनांत दिलेल्या इमारतींच्या नमुना आकृत्यांपैकी आपल्या घराला लागू पडणाऱ्या आकृतीचा क्रमांक. आपल्याकडे घरी जिथे खाली जिना उतरतो ते सगळे बेसमेंट. विम्याच्या व्याख्येत मात्र ज्याची फरशी चारही बाजूंनी बाहेरच्या मातीपेक्षा खाली आहे तेच बेसमेंट होय. मागच्या दारातून सपाट अंगणात जाता येत असेल, तर ते वॉकआउट घर सहसा आकृती ७ मध्ये बसते. चुकीची आकृती निवडली गेली तर ‘सी’ विभागातील आकडे अचूक असूनही त्यांचा अर्थ बदलतो.

जमिनीलगत क्रॉल स्पेस, म्हणजे घराच्या तळाखालची बुटकी पोकळ जागा, असेल तर ‘ए ८’ मध्ये पाणी आत-बाहेर होऊ देणाऱ्या झरोक्यांची नोंद लागते. साधा नियम असा : दर चौरस फूट क्षेत्रफळामागे एक चौरस इंच मोकळी जागा, किमान दोन झरोके, तेही वेगवेगळ्या भिंतींत, आणि त्यांचा तळ जमिनीपासून एक फुटाच्या आत. जाळीने व्यापलेली जागा यातून वजा होते. आतून थर्मोकोल लावून झरोके बुजवलेली घरे मी पाहिली आहेत. थंडीसाठी ते समजण्यासारखे असले, तरी बंद झरोका मोजणीत धरला जात नाही.

‘सी २’ मधील ‘ई’ ही ओळ यंत्रसामग्रीची. तिथे वॉटर हीटर, फर्नेस (घर गरम ठेवणारे यंत्र), अंगणातील एसीचे युनिट यांपैकी सर्वांत खाली असलेल्या यंत्राची उंची येते. घराचा तळ उंच असूनही एसी मातीवर ठेवलेला असेल, तर तोच आकडा इथे नोंदला जातो.

ऑक्टोबर २०२१ पासून फेमाने विम्याचे दर ठरवण्याची पद्धत बदलली आणि तेव्हापासून दर काढण्यासाठी हा दाखला सक्तीचा राहिलेला नाही. तरीही दिलेला दाखला वाया जात नाही. त्यातील पहिल्या मजल्याची (अमेरिकेत बहुधा तळमजल्यालाच पहिला मजला म्हणतात) उंची फेमाच्या अंदाजापेक्षा फायद्याची असेल, तर तीच धरली जाते. फॉर्मच्या २०२३ च्या आवृत्तीत यासाठी ‘एच’ हा विभाग आला. तो घरमालक स्वतः भरून ‘आय’ विभागात सही करू शकतो. मात्र तो फक्त विम्यासाठी चालतो. झोनमध्ये नवे बांधकाम केले असेल तर टाउनशिपच्या, म्हणजे इथल्या स्थानिक पालिकेच्या, अधिकाऱ्याला सर्वेअरच्या सहीचाच दाखला लागतो.

आणि ‘सी २’ मधील ‘एफ’ ओळीतील नैसर्गिक जमिनीची उंची पूरपातळीइतकी किंवा तिच्याहून अधिक निघाली, तर फेमाकडे ‘लोमा’साठी, म्हणजे नकाशात दुरुस्ती करणाऱ्या पत्रासाठी अर्ज करा. एकाच घराच्या अर्जाला शुल्क नाही. भराव टाकून जमीन उंच केली असेल तर प्रक्रिया वेगळी आहे. पत्र मिळाल्यावर त्याची प्रत बँकेला पाठवून विम्याची अट लेखी मागे घ्यायला सांगा. बँक स्वतःच्या अधिकारात ती कायमही ठेवू शकते. नवा सर्वे करण्यापूर्वी एकदा टाउनशिपच्या बांधकाम विभागात चौकशी करा, कारण तुमच्या घराचा दाखला तिथल्या फायलीत आधीच असू शकतो. तो मिळाला तर प्रथम डेटमचा रकाना पाहा.