हीथ्रोची तिसरी धावपट्टी: शेजारी एवढे का चिडलेत?

दुपारचे तीन वाजायला पाच मिनिटं कमी आहेत, असं समजा. लंडनच्या पश्चिमेला, हॅटन क्रॉस स्टेशनाजवळ, मर्टल अव्हेन्यू नावाची एक गल्ली आहे. साधी घरं आणि टोकाला थोडी हिरवळ. त्या हिरवळीवर हौशी मंडळी कॅमेरे घेऊन बसलेली असतात, कारण हीथ्रोवर उतरणारी विमानं इथे इतकी खाली आलेली असतात की चाकं मोजून घ्यावीत. साधारण दर दीड मिनिटाला एक विमान. तिथे राहणाऱ्याला बोलता बोलता थांबावं लागतं. विमान जाऊ द्यायचं आणि मग वाक्य पुरं करायचं.

तीन वाजले की विमानं दुसऱ्या, म्हणजे उत्तरेकडच्या धावपट्टीवर उतरायला लागतात. या गल्लीला उसंत मिळते आणि तिकडच्या घरांची पाळी सुरू होते.

नमस्कार मंडळी. आज हीथ्रोबद्दल बोलूया. मुंबईहून लंडनला जाणारे आपण बहुतेक जण इथेच उतरतो. हाउन्स्लो, हेज, स्लाउ या आजूबाजूच्या भागांत आपली मराठी कुटुंबंही राहतात.

आधी ही पाळी समजून घ्या, कारण भांडणाचं मूळ बरंचसं तिच्यातच आहे. हीथ्रोला दोन समांतर धावपट्ट्या आहेत. वारा पश्चिमेचा असला, आणि तिथे बहुतेक वेळा तो तसाच असतो, की विमानं लंडन शहरावरून येऊन उतरतात. एक पट्टी उतरायला, दुसरी उडायला, आणि दुपारी तीनला अदलाबदल. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या लोकांना अर्धा दिवस तरी डोकं शांत ठेवता येतं. तिसरी पट्टी झाली की ही उसंत अर्ध्या दिवसावरून साधारण एक तृतीयांशावर येणार, आणि ज्या वस्त्यांवरून आज विमान जात नाही त्यांच्यावरूनही जायला लागणार.

पण मला विचाराल, तर लोक नुसत्या आवाजाला विटलेले नाहीत. दिलेला शब्द फिरवला जातो, याला ते विटलेत. ही गोष्ट थोडी मागे जाऊन सांगतो.

१९४४. दुसरं महायुद्ध चालू आहे. हीथ्रो तेव्हा एक वाडी होती, आजूबाजूला लंडनला भाजी पुरवणारे मळे. सरकारनं युद्धकाळातल्या खास अधिकारांखाली ही जमीन घेतली. लष्कराला विमानतळ हवा, असं कारण दिलं. त्यामुळे जाहीर सुनावणी करावी लागली नाही. युद्ध संपलं आणि १९४६ मध्ये तिथून नागरी विमानं उडू लागली. हवाई खात्यात तेव्हा मंत्री असलेल्या हॅरॉल्ड बॅल्फोर यांनी पुढे आठवणींत कबूल केलं की नागरी विमानतळाचाच बेत पहिल्यापासून होता. ती वाडी आज नकाशावर नाही, फक्त तिचं नाव उरलंय.

आता १९९० च्या दशकात या. पाचव्या टर्मिनलची जाहीर सुनावणी १९९५ ते १९९९ अशी चालली. कामकाजाचे ५२४ दिवस. शेजाऱ्यांचा प्रश्न एकच होता: टर्मिनल वाढवताय, मग उद्या धावपट्टीही मागणार ना? विमानतळ चालवणाऱ्या बीएए कंपनीनं १९९९ मध्ये आसपासच्या रहिवाशांना पत्र लिहिलं. आम्हाला आणखी धावपट्टी नको आहे आणि आम्ही ती मागणारही नाही, असा त्या पत्राचा मथितार्थ. २००१ मध्ये टर्मिनलला मंजुरी मिळाली, सोबत वर्षाला ४,८०,००० उड्डाणांची मर्यादा घातली गेली.

आणि २००३ मध्ये तीच कंपनी तिसऱ्या धावपट्टीच्या बाजूनं उभी राहिली. चार वर्षांत! सरकारच्या श्वेतपत्रिकेनंही त्याच वर्षी तिला पाठिंबा दिला. ते पत्र घरात जपून ठेवलेल्या माणसाला काय वाटलं असेल, तुम्हीच सांगा.

पुढचा प्रवास म्हणजे नुसते हेलकावे. २००९ मध्ये लेबर सरकारनं होकार दिला. २०१० मध्ये नव्या सरकारनं योजना रद्द केली. २०१२ मध्ये त्याच सरकारनं, नवी धावपट्टी कुठे करायची ते सुचवायला, हॉवर्ड डेव्हिस यांचा आयोग नेमला, आणि २०१५ मध्ये आयोगानं पुन्हा हीथ्रोचंच नाव पुढे केलं. तेव्हा लंडनचे महापौर असलेले बोरिस जॉन्सन म्हणाले, बुलडोझरसमोर आडवा पडेन. २०१८ मध्ये ही धावपट्टी मान्य करणाऱ्या सरकारी धोरणाला संसदेत ४१५ विरुद्ध ११९ अशी मंजुरी मिळाली. त्या मतदानाच्या दिवशी जॉन्सन परदेश दौऱ्यावर होते. २०२० च्या फेब्रुवारीत अपील न्यायालयानं हवामान कराराचा विचार झाला नाही म्हणून ते धोरण बेकायदा ठरवलं, आणि डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला. २०२५ च्या जानेवारीत अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांनी पुन्हा पाठिंबा जाहीर केला.

आपल्याला या तारखा वाटतात. पण नव्या धावपट्टीच्या वाटेत येणाऱ्या सिप्सन, हार्मंड्सवर्थ आणि लाँगफर्ड या गावांत याच तारखांवर माणसांचं आयुष्य अडकलंय. घराला नवं छप्पर घालायचं का? मुलांची शाळा बदलायची का? आयोगाच्या अहवालात ७८३ घरं पाडावी लागतील असा आकडा होता. बाजारभावाच्या वर २५ टक्के देऊ, असं विमानतळाचं म्हणणं आहे. पैसे कमी नाहीत, हे मान्य. पण सिप्सनमध्ये विमानतळानं आधीच बरीच घरं विकत घेऊन भाड्यानं दिली. भाडेकरू येतात नि जातात, आणि गावपण पातळ होत जातं. बुलडोझर यायच्या आधीच गाव उठायला लागतं, ते असं.

हार्मंड्सवर्थला १४२६ मध्ये बांधलेलं लाकडी धान्याचं कोठार आहे. जवळजवळ साठ मीटर लांब, जुन्या ओक लाकडाचे खांब अजून ताठ उभे. योजनेत कोठार वाचतं, पण नव्या कुंपणाच्या अगदी कडेला. ज्या गावाचं ते कोठार, त्यातली बरीच घरं मात्र जातात.

आवाज मोजतात कसा, तेही ऐका. उन्हाळ्यातल्या दिवसाच्या सोळा तासांची सरासरी काढतात. ऐन झोपेत उठवणारं एक विमान त्या सरासरीत दिसतच नाही. रात्रीचे तास त्यात येत नाहीत, आणि पहाटे साडेचार ते सहा या वेळात रोज साधारण सोळा विमानं उतरतात. हाउन्स्लोमधल्या एका बालशाळेनं तर मैदानात मातीच्या पोत्यांचे घुमट बांधून घेतले. मुलांनी बाहेर खेळावं आणि बाईंचं बोलणंही ऐकू यावं, म्हणून. सहा वर्षांच्या पोरांना शिकवायला मातीचा आडोसा लागतो, हे वाचल्यावर मला खरंच राहवलं नाही, म्हणून हा व्हिडिओ केला.

दुसरी बाजूही खरी आहे. याच भागातल्या हजारो घरांची चूल विमानतळावर पेटते. एकाच घरात नवरा तिथे नोकरीला आणि बायको धावपट्टीविरोधात सह्या गोळा करतेय, असंही होऊ शकतं. विरोध करणाऱ्यांना विकासाचे शत्रू म्हणणं मला पटत नाही. उड्डाणं सात लाखांच्या वर न्यायची असतील, तर आधीचा शब्द का मोडला, याचं उत्तर त्यांना आधी मिळायला हवं.

सरकार आता विमानतळाचं राष्ट्रीय धोरण नव्यानं तपासतंय. त्यात रहिवाशांना म्हणणं मांडता येतं. तुमची बहीण, भाचा, कुणी मित्र त्या भागात राहत असेल तर त्यांना हे सांगा: दुपारी तीनच्या आधी काय ऐकू येतं आणि नंतर काय, एवढं जरी तारीखवार लिहून पाठवलं, तरी ते सरासरीच्या आकड्यात नसलेलं काहीतरी असेल.