दार वाजवण्याची तालीम

[दृश्य: घराचं बंद दार. फाइल छातीशी धरून उभी असलेली तरुणी.]

आत कोणीतरी आहे. टीव्हीचा आवाज बाहेर येतोय, पण दार उघडत नाही. ती पुन्हा वाजवते, या वेळी जरा जोरात.

हे अमेरिकेतलं इलिनॉय राज्य. इथे मुलाच्या छळाची किंवा आबाळीची तक्रार हेल्पलाइनवर नोंदली गेली की २४ तासांच्या आत तपास सुरू करावा लागतो. जिवाला धोका दिसत असेल तर लगेच. तपास अधिकारी पोलीस नसतो. त्याच्या अंगावर वर्दी नाही आणि बहुतेक वेळा हातात कोर्टाचा हुकूमही नाही. गळ्यात ओळखपत्र आहे आणि तोंडात भाषा आहे, तेवढ्यावर परक्याच्या घरात शिरायचं.

दार उघडतं. उंबऱ्यात एक धिप्पाड माणूस.

"कोणी केली तक्रार? शेजारणीनेच ना?"

तक्रार करणाऱ्याचं नाव सांगायचं नाही, हे तिला पाठ आहे. ती सांगतही नाही. पण नीट बघा, तिची नजर क्षणभर डावीकडच्या घराकडे जाते.

[दृश्य: तोच क्षण, पुन्हा, संथ गतीने.]

त्याला उत्तर मिळालं.

सुदैवाने डावीकडच्या घरातल्या बाईला यातून काही त्रास होणार नाही. कारण तक्रारच झालेली नाही. हा धिप्पाड माणूस नट आहे. हे घर स्प्रिंगफील्डमध्ये, इलिनॉय विद्यापीठाच्या आवारात आहे आणि त्यात कोणी राहत नाही. राज्याचं बालकल्याण खातं आणि विद्यापीठ यांनी मिळून इथे चाइल्ड प्रोटेक्शन ट्रेनिंग अकॅडमी उभी केली. २०१६ पासून नवे तपास अधिकारी वर्गातले धडे संपवून या घराचं दार वाजवायला येतात.

खऱ्या घरांमध्ये आम्ही कॅमेरा नेला नाही. तो नेता येत नाही आणि नेऊही नये. त्यामुळे या फिल्ममध्ये तुम्हाला दिसेल ते हेच घर.

[दृश्य: स्वयंपाकघर. ओट्यावर औषधाची उघडी बाटली. सिंकमध्ये भांडी.]

आत आल्यावर तिने काय बघायचं? सगळंच. फ्रिजमध्ये खायला काय आहे. औषधं कुठल्या उंचीवर ठेवली आहेत. जिन्याला फाटक आहे का. घरात आणखी कोण राहतं आणि ते आत्ता कुठे आहेत. आणि हे सगळं बघताना समोरच्या आईशी बोलणं तुटू द्यायचं नाही. ती आई रडते आहे, मधूनच ओरडते आहे. फ्रिज उघडू का म्हटल्यावर तिला झालेला अपमान चेहऱ्यावर दिसतो आहे. नट चांगले असले की हे असं होतं.

[दृश्य: झोपायची खोली. कठड्यांचा लाकडी पाळणा, त्यात बाहुली. जाड पांघरूण, दोन उशा, कापडी ससा.]

दुपटी आणि गोधड्यांची सवय असलेल्या आपल्या डोळ्यांना हा पाळणा अगदी मायेने सजवलेला वाटेल. इथल्या बालरोगतज्ज्ञांचा सल्ला मात्र स्पष्ट आहे: तान्हं बाळ उताणं झोपवायचं, त्याच्या स्वतःच्या अंथरुणावर, गादी घट्ट, आणि पाळण्यात बाकी काहीही नको. उशी नाही, पांघरूण नाही, ससाही नाही. झोपेत गुदमरण्याचा धोका असतो. वर्गात हा नियम सगळ्यांनी वहीत उतरवून घेतलेला असतो. इथे मात्र मागे बाई रडते आहे, बाहेरच्या खोलीत माणूस फेऱ्या मारतो आहे, आणि ती तरुणी पाळण्यात एकवार डोकावून पुढे निघून जाते.

ससा तिला दिसला होता. तो नोंदवायचा असतो हे मात्र त्या गडबडीत डोक्यातून गेलं.

[दृश्य: टेबलाभोवती खुर्च्या. नट, प्रशिक्षक, प्रशिक्षणार्थी.]

आता खरा वर्ग सुरू होतो. आधी तिला विचारतात, तू काय पाहिलंस? काय चुकलं हा प्रश्न नंतर. ती सांगत जाते, सांगता सांगता तिलाच पाळणा आठवतो. मग नट बोलतात. आईचं काम करणारी बाई सांगते, "तू वहीत लिहायला लागलीस तेव्हा मी बोलायची थांबले." धिप्पाड माणूस आता चष्मा लावून बसला आहे. तो त्या नजरेबद्दल सांगतो. मुलीचा हात तोंडावर जातो.

खऱ्या घरातलं कुटुंब हे कधी सांगत नाही. तपास झाला की ते दार लावून घेतं.

ही युक्ती कुठून आली, तेही ऐकण्यासारखं आहे. १९६३ साली लॉस एंजेलिसमध्ये हॉवर्ड बॅरोज नावाच्या मेंदूविकारतज्ज्ञाने चित्रकारांसमोर मॉडेल म्हणून बसणाऱ्या एका बाईला रुग्णाचं सोंग शिकवलं. पाय कसे लुळे पडतात, काय विचारल्यावर काय सांगायचं, सगळं. विद्यार्थी तिला तपासत आणि नंतर ती सांगे, कोणाचा हात कसा लागला, कोणी नीट ऐकून घेतलं. सहकाऱ्यांनी टिंगल केली, म्हणाले मेडिकल कॉलेजात हॉलिवूड घुसलं. पुढे जगभरच्या डॉक्टरांच्या परीक्षा याच पद्धतीने होऊ लागल्या. १९८१ मध्ये बॅरोज ज्या मेडिकल स्कूलमध्ये आले, ते याच स्प्रिंगफील्ड गावात आहे.

त्याच्याही आधीची गोष्ट वैमानिकांची. एडविन लिंक हा ऑर्गन आणि पियानो बनवणाऱ्या कारखान्यातला मुलगा. आपल्या पेटीला असतो तसल्याच भात्याच्या हवेवर त्याने १९२९ मध्ये एक खोटं विमान डोलवून दाखवलं. गिऱ्हाईक मिळालं ते जत्रेतल्या करमणुकीचं. १९३४ साली अमेरिकी लष्कराच्या वैमानिकांना टपाल वाहायचं काम लागलं. खराब हवेत, नुसत्या उपकरणांवर उडायची सवय नसलेले वैमानिक काही आठवड्यांत एकामागोमाग मेले, तेव्हा लष्कराने लिंकची सहा यंत्रं विकत घेतली. म्हणजे माणसं मेल्यावर.

[दृश्य: कोवळ्या आवाजातला संवाद. मुलाच्या जागी नट.]

घराकडे परत येऊ. मुलाशी बोलणं हा सगळ्यात अवघड भाग. "मामाने मारलं का तुला?" हा प्रश्न चटकन तोंडात येतो आणि तोच घात करतो. मूल मोठ्या माणसाला बरं वाटेल ते उत्तर देतं, आणि तिथून पुढे खरं काय झालं ते कोणालाच कळत नाही. मायकेल लँब हे मानसशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांच्या जबाबांवर वर्षानुवर्षं काम करून जे सांगितलं ते ऐकायला सोपं आहे: "काय झालं ते मला सांग." आणि मग गप्प बसायचं. मूल थांबलं तर "मग?" एवढंच. सविस्तर जबाब नंतर प्रशिक्षित माणूस घेतो, पण पहिल्या दिवशी उंबऱ्याच्या आत गेलेल्याने तो बिघडवून ठेवायचा नसतो.

एकीने हा संवाद आमच्यासमोर केला. पहिल्यांदा तिने गप्प बसायचं होतं तिथे सांत्वन केलं. दुसऱ्यांदा ती गप्प बसली.

[दृश्य: नकली कोर्ट. साक्षीदाराचा पिंजरा.]

मूल ताब्यात घेतलं तर इलिनॉयमध्ये ४८ तासांत न्यायाधीशासमोर जावं लागतं, शनिवार-रविवार आणि सुट्ट्या सोडून. म्हणून प्रशिक्षणाच्या आठवड्याच्या शेवटी हे कोर्ट. "घर घाणेरडं होतं," ती साक्ष देते. वकील विचारतो, "घाणेरडं म्हणजे?" ती अडखळते. "माझंही घर रविवारी घाणेरडं असतं. माझी मुलं न्याल का?" सगळे हसतात, ती हसत नाही. दुसऱ्या फेरीत ती सांगते: सिंकमध्ये बुरशी आलेली भांडी, ओट्यावर मुलाच्या हाताला येईल अशी औषधाची उघडी बाटली, पाळण्यात दोन उशा. आता वकिलाला फिरवायला जागा उरत नाही.

इलिनॉय विद्यापीठाच्याच अर्बाना-शँपेन इथल्या संशोधकांनी या प्रशिक्षणाचा पाठपुरावा केला आहे. शिकून गेलेले अधिकारी त्याला फार मानतात. मुलांचे मृत्यू किती घटले, असं लोक विचारतात. असे मृत्यू एकूण घटनांच्या मानाने विरळ असतात आणि त्यांची कारणं अनेक, त्यामुळे एका प्रशिक्षणाच्या नावावर असा आकडा मांडता येत नाही.

[दृश्य: शिकागोच्या बाहेर, उपनगरातला रस्ता. बर्फ.]

क्रिस्टल लेक. डिसेंबर २०१८ मध्ये इथल्या पाच वर्षांच्या मुलाच्या अंगावर मोठा काळानिळा वण दिसला. कुत्र्यामुळे झाला, असं सांगण्यात आलं. दवाखान्यात डॉक्टरशी बोलताना मुलाने वेगळं काही सुचवलं होतं. जानेवारीत तक्रार निराधार ठरवून फाइल बंद झाली. एप्रिल २०१९ मध्ये ते मूल मारलं गेलं. २०२३ मध्ये तपास अधिकाऱ्याला कोर्टाने दोषी ठरवलं, त्याचा वरिष्ठ सुटला.

शिक्षा झाली, पण ती फाइल त्या दिवशी त्या माणसाला बंद करण्याजोगी का वाटली, याचं उत्तर निकालपत्रात मिळत नाही. पुढच्या अधिकाऱ्याला तर तेच कळायला हवं.

हा प्रश्न विचारायची रीत विमान आणि अणुवीज यांच्या जगातून आली. चेर्नोबिलच्या अणुभट्टीतल्या अपघातानंतर, १९८६ पासून, अणुवीजवाले सुरक्षेची संस्कृती हा शब्द वापरू लागले. अमेरिकेतले वैमानिक तर १९७६ पासून आपल्या चुका आणि थोडक्यात टळलेले अपघात नासाकडे गुपचूप कळवत आले आहेत. बालसंरक्षणात हे नेटाने आणलं टेनेसी राज्याने. पूर्वी मूल दगावलं की कोणाची सही राहिली, कोणता फॉर्म भरला नाही, याचा शोध व्हायचा. आता केसवर काम केलेल्यांशी प्रशिक्षित माणसं वेगळी, मोकळी चर्चा करतात, आणि ती शिस्तभंगाच्या कारवाईसाठी नसते. हातात किती केसेस होत्या, केस एकाकडून दुसऱ्याकडे जाताना काय गळलं, शंका आली तेव्हा विचारायला कोणी होतं का, हे नोंदवून अनेक केसेस शेजारी शेजारी ठेवल्या जातात. २०१८ पासून अनेक राज्यं यासाठी एकत्र आली आहेत.

मुद्दाम गुन्हा करणाऱ्याला यात सूट नाही, हेही सांगून टाकतो, नाहीतर लगेच तोच प्रश्न येतो.

[दृश्य: कार्यालय. टेबलावर फाइलींचे गठ्ठे.]

आणि हे गठ्ठे. १९९१ च्या कोर्टाच्या हुकूमनाम्यानुसार इलिनॉयमध्ये एका तपास अधिकाऱ्याला वर्षातले नऊ महिने दरमहा १२ आणि उरलेले तीन महिने १५ पेक्षा जास्त नवे तपास द्यायचे नाहीत. कागदावर. या कामात माणसं जीवही गमावतात: इलिनॉयमधल्याच मिलेजव्हिलमध्ये २०१७ साली मारहाण झालेली अधिकारी पुढच्या फेब्रुवारीत गेली, आणि जानेवारी २०२२ मध्ये याच स्प्रिंगफील्डजवळच्या थेअर गावात एक अधिकारी एकटी दार वाजवायला गेली होती. तिचाही खून झाला.

[दृश्य: मुंबई. रेल्वे स्थानकाच्या भिंतीवर १०९८ चा फलक.]

मुलांच्या मदतीचा हा नंबर मुंबईतला. १९९६ मध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेतून सुरू झाला, देशभर पसरला, आता सरकारने तो आणीबाणीच्या ११२ ला जोडून घेतला आहे. मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायद्याचं कलम २४ सांगतं की मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला हव्या त्या जागी घ्यावा, शक्यतो फौजदार किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, वर्दी न घालता, आणि मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवू नये. कलम वाचून दाखवायला पाच मिनिटं लागतात. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेत अत्याचार झालेल्या दोन चिमुकल्यांचे पालक तक्रार घेऊन गेले तेव्हा गुन्हा नोंदवायलाच उशीर झाला, आणि लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले.

दरवर्षी राज्य नाट्य स्पर्धा भरवणाऱ्या महाराष्ट्रात नट शोधावे लागणार नाहीत. रिकामी पडलेली सरकारी क्वार्टर्सही जिल्ह्याजिल्ह्यात आहेत. बालसंरक्षण कक्षातल्या नव्या मुलामुलींना आणि ठाण्यातल्या फौजदारांना तिथे पाठवावं, समोर एखादा कसलेला हौशी नट दारू प्यायलेला बाप म्हणून उभा करावा, शेवटी सगळ्यांनी एका टेबलाभोवती बसावं. पण तिथे जे चुकेल ते त्यांच्या गोपनीय अहवालात चढणार नाही, असं सरकारने आधी लेखी द्यावं. ते नसेल तर क्वार्टरला रंग द्यायचाही खर्च करू नये.