मीटरमागचा बल्ब

चावी घाला आणि इंजिन चालू न करता फक्त एक क्लिक पुढे फिरवा. बघा, समोरच्या डॅशबोर्डवर दिवाळी! लाल, पिवळं, केशरी सगळं एकदम पेटलं, आणि दोन-चार सेकंदांत त्यातले काही आपोआप विझले. आपल्यातले बहुतेक लोक इथे थांबतच नाहीत, थेट सेल मारतात. पण ती दोन-चार सेकंदं गाडी तुम्हाला काहीतरी सांगत असते, म्हणजे हे दिवे जिवंत आहेत, पुढे कधी पेटले तर विश्वास ठेवा, असं. आणि त्यातला एखादा तेव्हा पेटलाच नाही तर? त्याची एक गोष्ट आहे, आमच्याच घरातली, ती शेवटी सांगतो.

आधी एक गोष्ट क्लिअर करू. डॅशबोर्डवर दोन जातीचे दिवे असतात. एक, मीटर (वेग, पेट्रोल दाखवणारी समोरची चकती) दिसावा म्हणून त्याच्या मागून उजेड पाडणारे, ज्याला गॅरेजमध्ये सरळ मीटर लाईट म्हणतात. आणि दुसरे, काहीतरी बिनसलं तर पेटणारे, ऑइलचा, बॅटरीचा, हँडब्रेकचा वगैरे. पहिले मेले तर लगेच कळतं, समोर अंधार होतो. दुसरे मेले तर काहीच कळत नाही, कारण ते बंद असणं हीच त्यांची नॉर्मल अवस्था.

मीटर लाईटपासून सुरू करू. जुन्या गाडीचा मीटर बाहेर काढून उलटा केलात तर मागे पारदर्शक प्लास्टिकची एक पातळ शीट दिसते, तिच्यावर तांब्याच्या रेघा. हीच त्याची वायरिंग. आणि त्या शीटमध्ये ठिकठिकाणी बोटाच्या पेराएवढे प्लास्टिकचे होल्डर, पाव आटा फिरवला की हातात येतात. होल्डरमध्ये बल्ब, त्याला पितळी टोपी नसते, काचेचाच चपटा बुडखा असतो आणि दोन तारा बाहेर दुमडलेल्या. दुकानात टी-5 नाहीतर टी-10 म्हणून मागायचा, हा आकडा म्हणजे काचेच्या नळीचा व्यास, साधारण मिलिमीटरमध्ये. टी-5 बहुतेक 1.2 वॅटचा आणि टी-10 तीन किंवा पाच वॅटचा. कधी बल्बवर हिरवी किंवा निळी रबरी टोपी असते, आणि कितीतरी जुन्या गाड्यांचा तो हिरवट मीटर या टोपीचीच करामत.

आता एवढासा उजेड सगळ्या आकड्यांपर्यंत सारखा कसा जातो? मध्ये ॲक्रिलिकची जाड पाटी असते. उजेड तिच्यात कडेने शिरतो, आतल्या आत आपटत पुढे जातो, पाण्याच्या पाटासारखा, आणि जिथे वाट ठेवलीय तिथेच बाहेर येतो. वरचा डायल खरं तर दुधी प्लास्टिकचा, त्यावर काळा रंग मारलेला आणि आकड्यांच्या जागा रंग न मारता सोडलेल्या. म्हणजे रात्री आपण बघतो तो पांढरा 60 हा आकडा नसून काळ्या रंगातलं भोक आहे 😄

आता मुद्द्याची गोष्ट, हा बल्ब उडतो का आणि कधी. आतली तार टंगस्टनची. हा धातू वितळायला 3422 अंश सेल्सिअस लागतात आणि बल्बमधली तार दोन हजार अंशांच्या वर तापून उजेड देते. वितळत नाही, पण हळूहळू उडून जाते, कापूर उडतो ना तशी. उडालेला टंगस्टन काचेला आतून चिकटतो, म्हणून जुना बल्ब काळपट किंवा आरशासारखा चंदेरी दिसतो. तार सगळीकडे सारखी झिजत नाही हो. एखादी जागा जरा बारीक होते, बारीक झाली की तिथे रेझिस्टन्स, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो, म्हणून ती जागा जास्त तापते, जास्त तापली की आणखी झिजते, आणि हे चक्र एकदा लागलं की मग काही खरं नाही.

आणि मरायची वेळ बहुतेक ठरलेली, तुम्ही लाईटचा खटका दाबता तीच. थंड टंगस्टनचा रेझिस्टन्स गरम असतानाच्या जेमतेम दहाव्या हिश्श्याएवढा असतो. 1.2 वॅटचा बल्ब चालू असताना एक दशांश अँपिअर खातो, पण खटका दाबल्याच्या क्षणी त्याच्या दहापट करंट आत घुसतो. त्या धक्क्यात ती बारीक जागा तुटते. म्हणून आपल्याला वाटतं की काल तर चांगला होता, आजच कसा गेला! अहो, तो कित्येक महिने जातच होता.

दुसरा वैरी व्होल्टेज. गाडी बारा व्होल्टची म्हणतो आपण, पण इंजिन चालू असताना साधारण 13.8 ते 14.5 असतं. बल्बचं आयुष्य व्होल्टेजवर इतकं बेक्कार अवलंबून असतं की व्होल्टेज दहा टक्के कमी केलं तर उजेड फक्त तीस टक्क्यांनी उतरतो पण आयुष्य जवळपास चौपट होतं, आणि दहा टक्के वाढवलं तर याच्या बरोबर उलटं. त्यामुळे मीटरचे, टेलचे, पार्किंगचे बल्ब सारखेच उडत असतील तर बल्बच्या कंपनीला शिव्या देण्याआधी चार्जिंगचं व्होल्टेज मोजा. सोळा दाखवत असेल तर व्होल्टेज आवरून धरणारा रेग्युलेटर गेलाय.

बरं, समोर अंधार झाला तर बघायचं कुठे? एकच कोपरा अंधारा, समजा फक्त पेट्रोलचा काटा दिसत नाही, तर एक बल्ब गेलाय, बाकीचे पॅरललमध्ये, म्हणजे प्रत्येकाची वाट वेगळी, असतात म्हणून चालू राहतात. डॅशबोर्डवर थाप मारली की पेटतो, खड्डा आला की विझतो, तर बल्ब बिचारा धडधाकट आहे, होल्डरचा काँटॅक्ट लूज आहे किंवा रेघेवर कार्बन आलाय. पेन्सिलच्या खोडरबराने हलकं घासलं तरी काम होतं. (जुन्या टीव्हीवर थाप मारून चित्र आणणाऱ्या पिढीला हे वेगळं सांगायला नको.)

पण सगळाच मीटर काळा झाला, तर सगळे बल्ब एकदम मेले असं सहसा होत नाही. आधी स्टेअरिंगजवळ एक छोटी चक्री असते ती बघा, डिमरची. गाडी धुताना कुणीतरी ती पार खाली फिरवून ठेवलेली असते, आणि लोक थेट गॅरेजला जातात. ही चक्री म्हणजे पूर्वी गुंडाळलेल्या तारेचा साधा रेझिस्टन्स असायची, थोडा उजेड कमी ठेवला की उरलेली वीज तिथे गरम होऊन जायची. आता इलेक्ट्रॉनिक्स दिवा सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करतं, डोळ्याला फक्त मंद झाल्यासारखं वाटतं.

चक्री ठीक असेल तर फ्यूज. आणि इथे जरा कान देऊन ऐका. बऱ्याच गाड्यांत मीटर लाईट आणि मागचा टेल लाईट एकाच फ्यूजवर असतात. म्हणजे तुम्हाला वाटतंय की आपला फक्त मीटर दिसत नाहीये, घरी जाऊन बघू, हेडलाईट तर चालूय. आणि मागून येणाऱ्या ट्रकला तुमची गाडी दिसतच नाहीये. घाटात असं झालं तर आधी गाडी सुरक्षित जागी बाजूला घ्या, पार्किंग ब्लिंकर लावा, खाली उतरून मागे बघा. मीटरचं नंतर.

आता जरा मागे जाऊ. आपल्याकडे गाडीवर नावं कापून देणाऱ्या दुकानावर 'रेडियम' लिहिलेलं असतं, त्यात रेडियमचा कणही नसतो, ती साधी चमकणारी शीट. पण एकेकाळी खरोखरचं रेडियम घातलेला रंग घड्याळांच्या आणि विमानांच्या डायलवर लावायचे, बल्बच नको, आपोआप अंधारात उजळणार. अमेरिकेत न्यू जर्सीतल्या ऑरेंज गावी हा रंग लावणाऱ्या पोरी ब्रशला टोक यावं म्हणून तो ओठांत धरायच्या, आणि 1920 च्या दशकात त्यांचे जबडे सडायला लागले, कित्येक जणी गेल्या. मग 1960 मध्ये क्रायसलर या अमेरिकन गाडी कंपनीने बल्बशिवायचा मीटर काढला, विजेच्या दाबाने अख्खा डायलच चमकायचा. दिसायला भारी! 1989 च्या लेक्सस एलएस 400 या गाडीमध्ये मीटरमागे ट्यूबलाईटसारखी बारीक नळी आली.

या सगळ्यांना गिळलं एलईडीने. लाल आणि हिरवा एलईडी आधीपासून होता, निळा जमत नव्हता, आणि निळ्याशिवाय पांढरा नाही. तो जमवल्याबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तीन शास्त्रज्ञांना 2014 चं नोबेल मिळालं. एलईडी तारेसारखा तुटत नाही, वर्षानुवर्षं हळूहळू मंद होत जातो. मग नवीन गाडीचा मीटर काळा का पडतो? बहुतेक वेळा एलईडीपेक्षा त्याचं सोल्डरिंग, म्हणजे कथलाचा सांधा, दगा देतं. मे महिन्यात चंद्रपुरात उन्हात लावलेली गाडी आणि आतला डॅशबोर्ड, मग एसी फुल, हे रोज, वर्षानुवर्षं. तापणं आणि गार होणं यात सांध्याला तडा जातो. आणि आता दहा रुपयांचा बल्ब बदलायची सोय नाही, अख्खा मीटर बदला म्हणतात, किलोमीटरचा आकडा जुळवायची भानगड वेगळीच. चांगला सोल्डरिंगवाला माहीत असेल तर त्याचा नंबर जपून ठेवा.

जुन्या मीटरमध्ये स्वतः एलईडी घालणाऱ्यांना दोनच सूचना. नाही पेटला तर फेकू नका, उलटा करून घाला, त्याला प्लस-मायनस असतं. आणि त्याचा उजेड समोरच पडतो, तारेसारखा चहूबाजूंनी नाही, त्यामुळे आकड्यांवर ठिपके-ठिपके दिसतात.

एलईडीची अजून एक गंमत आहे, गंमत तरी कशी म्हणायची, घोटाळाच आहे तो. पूर्वी लाईट न लावता निघालं की मीटर अंधारा, मग आठवण यायची. आता मीटर दिवसरात्र झगझगीत. शहरात रस्त्यावर दिवे असले की माणूस हेडलाईट न लावताच निघतो, गाडी चालू झाली की आपोआप लागणाऱ्या पुढच्या छोट्या दिव्यांमुळे त्याला वाटतं सगळं चालूय, मागे काळोख. कॅनडाने यावर सप्टेंबर 2021 पासून नव्या गाड्यांना नियमच केला, मीटर उजळत असेल तर टेल लाईटही लागले पाहिजेत, किंवा अंधारात लाईट आपोआप लागले पाहिजेत, नाहीतर मीटर अंधारा राहिला पाहिजे.

आता ती घरची गोष्ट. आमची जुनी गाडी, कुठली ते जाऊ दे. हायवेला गेली की मस्त, गावातल्या गावात दोन दिवस फिरलं की तिसऱ्या दिवशी सकाळी सेल मारला की टक-टक-टक. बाबांनी बॅटरी चार्ज करून आणली. परत तेच. मग नवीन बॅटरी टाकली. आठ दिवसांनी परत टक-टक. शेवटी वायरमन काकांकडे नेली. त्यांनी बॉनेटसुद्धा उघडलं नाही. खिडकीतून वाकून म्हणाले, "दादा, चावी एक क्लिक फिरवा." फिरवली. "बॅटरीचा लाल दिवा कुठाय?"

आम्ही तिघं मीटरकडे बघत बसलो. ऑइलचा होता, हँडब्रेकचा होता, बॅटरीचा नव्हता. किती दिवसांपासून नव्हता, कुणाला माहीत!

इंजिनाबरोबर फिरून गाडीची वीज करणारा तो अल्टरनेटर. कितीतरी जुन्या अल्टरनेटरचं असं असतं की तो नुसता फिरून वीज करत नाही, आतल्या फिरत्या कॉइलला सुरुवातीला थोडा करंट द्यावा लागतो, विरजण लावल्यासारखा. तो करंट बॅटरीकडून त्या लाल बल्बमधूनच जातो. म्हणून चावी फिरवली की दिवा पेटतो. अल्टरनेटर वीज करायला लागला की बल्बच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज, मग करंट कशाला वाहील, दिवा विझतो. काही गाड्यांत बल्बच्या जोडीला एक रेझिस्टर टाकलेला असतो, बल्ब गेला तरी काम चालतं. आमच्या गाडीत नव्हता. हायवेला जोरात रेस झाली की अल्टरनेटर लोखंडात उरलेल्या थोड्याशा चुंबकत्वावर स्वतःच जागा व्हायचा. गावात तेवढी रेस कुठे मिळणार, तो झोपलेलाच, आणि गाडी सगळी बॅटरीवर.

काकांनी मीटर काढला, तो होल्डर पाव आटा फिरवला, बल्ब हातात घेऊन उजेडात धरला. आतून काळा, तार मध्ये तुटलेली. नवीन घातला, चावी, लाल दिवा, सेल, विझला. मग मल्टिमीटर लावून दाखवला, 14.2 व्होल्ट.

बल्बचे पैसे त्यांनी घेतलेच नाहीत, मीटर काढायचे-बसवायचे तेवढे घेतले. बाबा गप्पच होते. जुनी बॅटरी, जिला काहीच झालं नव्हतं, ती त्यांनी एक्स्चेंजमध्ये देऊन टाकली होती.