नाव लिहिलं की बघणं थांबतं

आवाज येतोय ना मागे? बरं. आज बोलायचंय हान्स होल्बाइन या सोळाव्या शतकातल्या जर्मन चित्रकाराच्या रेखाचित्रांबद्दल, त्यातही ज्यांच्यावरची माणसं कोण हे कुणालाच ठाऊक नाही अशा चित्रांबद्दल, पण आधी आमच्या घरातली एक गोष्ट सांगतो.

आमच्याकडे जुना अल्बम होता, काळी पानं, मधे बटर पेपर. आत्याने एका मे महिन्यात बसून सगळ्या फोटोंच्या मागे बॉलपेनने नावं लिहिली, आठवणीतून. एका नऊवारीतल्या बाईच्या मागे लिहिलं "आई". झालं, तो फोटो मोठा करून आणला, फ्रेम केला, हार घातला, वीस-बावीस वर्षं आम्ही आजी म्हणून त्याच्या पाया पडलो. मग आजीची मावसबहीण आली, फोटोपुढे उभी राहिली आणि म्हणाली, "अरे, ही तुमची आजी कुठली? हिच्या कानात बुगडी आहे बघ, तुझ्या आजीचा कान वरती कधी टोचलाच नव्हता." मी स्टूल घेऊन चढलो. बुगडी होती! रोज बघत होतो आणि दिसली नव्हती, कारण नाव माहीत होतं ना. याचं मला अजून वाईट वाटतं, त्या बाईसाठी. ती कोण हे आता सांगणारं कुणी उरलं नाही.

तर होल्बाइन. 1543 मध्ये लंडनमध्ये वारला. त्याने काढलेल्या दरबारातल्या माणसांची 80 च्या आसपास रेखाचित्रं आज इंग्लंडच्या राजघराण्याच्या संग्रहात आहेत, विंडसरला. त्यांच्यावर नावं घातली सर जॉन चीक यांनी, असं 1590 च्या यादीत म्हटलंय. हे चीक म्हणजे आठव्या हेन्री राजाच्या मुलाचे, राजपुत्र एडवर्डचे शिक्षक, दरबारात आले 1544 ला. म्हणजे चित्रकार गेल्यावर! आमची आत्याच की. आणि आज कागदावर दिसतात ती अक्षरंही त्यांची नाहीत, नंतरच्या कुणीतरी उतरवलेली.

एका चित्रावर लिहिलंय "मदर जॅक", म्हणजे एडवर्डची दाई. लोक तेच धरून चालले. पण स्वित्झर्लंडमधल्या बाझलला होल्बाइनचंच, इंग्लंडचे विद्वान आणि मुत्सद्दी टॉमस मोर यांच्या कुटुंबाचं पेनने केलेलं स्केच आहे, त्यात माणसांची नावं आणि वयं तेव्हाच लिहिलेली, आणि तिथे हाच चेहरा आहे मार्गारेट गिग्जचा, मोरांनी वाढवलेली मुलगी. चेहऱ्याशी चेहरा लावला तेव्हा कळलं.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली म्हणे. मुख्य मुद्दा तर आत्ता सुरू होतोय, भरभर सांगतो.

दुसऱ्यांदा इंग्लंडला आल्यावर होल्बाइन कागदाला आधी फिकट गुलाबी थर द्यायचा, म्हणजे त्वचेचा रंग आयताच मिळाला, त्यावर काळे-रंगीत खडू, कुठे शाईची रेघ. चेहरा पूर्ण, कपडे चार रेघांत, कारण हे समोर बसवून केलेलं कच्चं काम, पेंटिंग नंतर व्हायचं. विल्यम पार या दरबाऱ्याच्या चित्रात तर कपड्यावरच जर्मनमध्ये लिहून ठेवलंय, पांढरं मखमल, जांभळं मखमल, पांढरं सॅटिन. म्हणजे कापड नंतर आठवायला शब्द पुरेसे होते. चेहऱ्याला शब्द चालत नव्हते, तो तिथल्या तिथेच उतरवायला लागायचा.

म्हणून माझं म्हणणं, बिननावाच्या चित्राखाली "अज्ञात स्त्री" वाचून पुढे जाऊ नका. आधी पापणीची रेघ बघा, ओठाचा कोपरा बघा, कुठे खडू दाबलाय आणि कुठे नुसता फिरवलाय ते बघा. लाइट घालवा जरा, शेवटची स्लाइड लावतो, आणि हिच्याबद्दल मी काही बोलणार नाही.