वेजची काठी आणि दीड बॉलचा घोळ

(नव्याने गोल्फ खेळू लागलेल्या मंडळींसमोर पुण्यात एका शनिवारी संध्याकाळी केलेलं भाषण, थोडं साफसूफ करून.)

नमस्कार मंडळी. मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? बरं. मला 40 मिनिटं दिलीयेत, आठला हॉल सोडायचाय कारण त्यानंतर इथे कुणाचा तरी साखरपुडा आहे, झेंडूच्या माळा घेऊन दोन पोरं आत्ताच दारात येऊन उभी राहिलीयेत, तेव्हा मी पाल्हाळ लावणार नाही हे आधीच सांगून टाकतो. (हशा) जे मला ओळखतात तेच हसले बघा.

विषय ग्रुपवर आला होता तो असा, नवशिक्याने वेजचा शाफ्ट कसा निवडावा. माझ्या बहिणीने तो वाचून फोन केला, दादा तू व्हेज कधी झालास, म्हटलं अगं हे ते नाही, हे वाळूतनं बॉल काढायचं हत्यार आहे, तर म्हणाली मग खोऱ्या म्हण की सरळ. आता ती काही अगदीच चुकीचं बोलली नाही, माझा बंकरमधला, म्हणजे कोर्सवरच्या वाळूच्या खड्ड्यातला, पहिला सीझन ज्यांनी पाहिलाय ते सांगतील.

तर पिचिंग वेज, गॅप वेज, सँड वेज, लॉब वेज हे सगळं तुम्हाला माहितीये असं धरतो. साधारण 46 डिग्रीपासून 60 डिग्रीपर्यंतचे ते तोंड आभाळाकडे करून बसलेले क्लब. ते घ्यायला आपण दुकानात जातो तेव्हा काय बघतो? लॉफ्ट, म्हणजे तोंडाचा कल, बघतो, कुणी शिकवलं असेल तर बाउन्स, म्हणजे बुडाचा उतार, बघतो, मग ब्रँड, मग काळा घ्यायचा का चंदेरी. पण हातात जी येते ती काठी कुठली आहे हे कोणी बघत नाही. काठी म्हणजे शाफ्ट हो, बॅग उचलणारे आमचे कॅडी मामा काठीच म्हणतात आणि मला तोच शब्द बरा वाटतो.

माझं काय झालं ते सांगतो, थोडक्यात सांगतो.

मी 31 वर्षं भोसरीला स्प्रिंगच्या धंद्यात काढली. म्हणजे पोलाद किती वाकतं आणि किती परत येतं हे बघायचाच पगार मिळत होता. रिटायर झाल्यावर येरवड्याला खेळायला लागलो, 58 व्या वर्षी, म्हणजे ज्या वयात लोक गुडघे बदलतात. एका मित्राने त्याचा जुना सेट दिला, ग्रॅफाइटच्या काठ्यांचा, 5 नंबरपासून पिचिंग वेजपर्यंत, आर फ्लेक्स, म्हणजे काठीची लवचिकता मध्यम, हलका फुलका. एक शाफ्ट 60 ग्रॅमच्या आसपास. आणि मला तो जमायला लागला हो! 7 नंबरचं आयर्न, म्हणजे धातूच्या डोक्याचा मधल्या अंतराचा क्लब, बऱ्यापैकी सरळ जायचं. मग सगळे म्हणाले सँड वेज घे, म्हणून एका दुकानात गेलो. दुकान कुठलं ते विचारू नका, सांगणार नाही, माणूस चांगला होता, चहा पाजला त्याने. त्याने 56 डिग्रीचा वेज काढला आणि म्हणाला सर, टूरवरचे, म्हणजे मोठ्या स्पर्धांमधले, प्रो हाच शाफ्ट वापरतात. झालं. 58 वर्षांच्या माणसाला प्रो हाच वापरतात म्हटलं की त्याचं डोकं चालायचं बंद होतं. शाफ्टवर फ्लेक्सच्या जागी वेज असं लिहिलेलं, मला वाटलं वेजचा आहे म्हणून वेज लिहिलंय, बरोबरच आहे की.

पुढचे पाच महिने मी ग्रीनच्या, म्हणजे भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताच्या, आसपास जे काही केलं ते सांगण्यासारखं नाही. बॉलच्या दोन इंच आधी माती. थप्प. बॉल तिथेच, आणि हातभर हिरवळ उडून पुढे. मग पुढच्या खेपेला माती लागू नये म्हणून अंग वर उचलायचं, की वेजची धार बॉलच्या पोटात, बॉल सापासारखा सरपटत ग्रीनच्या पलीकडे. तिकडनं परत तेच. एकदा तर या बंकरातनं त्या बंकरात आणि त्या बंकरातनं परत या बंकरात असं झालं, मागचे चौघे कमरेवर हात ठेवून उभे. क्लास लावला. उभं राहायची पद्धत बदलली, ग्रिप बदलली, मनगट असं का तसं. आमच्याकडे म्हण आहे ना, नाचता येईना अंगण वाकडं, ती मी स्वतःलाच दिवसातून दोनदा ऐकवायचो. आणि गंमत बघा, माझ्या बाबतीत अंगण खरंच वाकडं होतं. नाचताही येत नव्हतं, तो भाग वेगळा.

हे शोधून कुणी काढलं, तर आमच्या कॅडी मामांनी. एका सकाळी सातव्या होलला मी बॅगेतनं क्लब मागत होतो, त्यांनी माझं पिचिंग वेज एका हातात घेतलं, ते सँड वेज दुसऱ्या हातात घेतलं, दोन्ही हात जरा वरखाली केले, भाजीवाल्याकडे तराजू असायचा ना तसे, आणि म्हणाले, "साहेब, ही काठी आपल्या बॅगेतली न्हाई." मी म्हटलं मामा पैसे मोजलेत मी. ते म्हणाले, "पैशाचं काय सांगत न्हाई, वजनाचं सांगतोय."

घरी आलो, आमच्या हिचा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घेतला, केकसाठी मैदा मोजायचा असतो तो. पहिला प्रश्न काट्यावर क्लब ठेवायचा कसा, आडवा ठेवला की दोन्हीकडनं लोंबतो आणि घरंगळतो. शेवटी पोह्याचा डबा काट्यावर ठेवला, शून्य केला, आणि क्लब डब्यात डोकं खाली करून हलकेच उभा केला. पिचिंग वेज 402 ग्रॅम. सँड वेज 471 ग्रॅम. परत केलं. तेच. फरक 69 ग्रॅमचा. आता नियमाप्रमाणे गोल्फ बॉल जास्तीत जास्त 45.93 ग्रॅमचा असतो, म्हणजे मी एका क्लबवरनं दुसऱ्या क्लबवर जाताना दीड बॉल जास्त उचलत होतो, आणि शरीराला सांगत होतो की बाबा रे टायमिंग तेच ठेव.

क्लबच्या डोक्यातला फरक त्यात थोडाच. पिचिंग वेजचं डोकं 285 च्या घरात, सँड वेजचं 300 च्या घरात, ते तसंच असायला पाहिजे. बाकी सगळा फरक काठीचा. हे म्हणजे रोजच्या लाटण्याने पोळ्या करणाऱ्या बाईच्या हातात शेवटच्या तीन पोळ्यांना एकदम खलबत्त्याचा बत्ता द्यायचा आणि वर म्हणायचं की गोल का नाही आली.

आता तुम्ही म्हणाल प्रो लोक का वापरतात मग? ते बरोबरच वापरतात. टूरवरच्या बऱ्याच लोकांच्या आयर्नमध्येच 120-130 ग्रॅमचं स्टील असतं. त्यांचा 7 नंबर जड, 9 नंबर जड, वेजही जड. त्यांच्या बॅगेत ती काठी घरचीच आहे, माझ्या बॅगेत ती पाहुणी होती. शाफ्ट उत्तमच, त्याला मी काही बोलत नाही. दुकानदाराने मला एकच प्रश्न विचारायला हवा होता, काका तुमच्या आयर्नला काठी कुठली आहे? तो त्याने विचारला नाही, चहात साखर किती ते मात्र विचारलं.

जरा इतिहासात जाऊ, दोन मिनिटं. जुन्या काळी शाफ्ट हिकरी लाकडाचे. खेळाचे नियम ठरवणाऱ्या सेंट अँड्र्यूजच्या आर अँड ए ने स्टीलच्या शाफ्टला मान्यता दिली ती 1929 साली. लाकूड म्हटल्यावर एक काठी दुसरीसारखी नाही, तेव्हा चांगला खेळाडू शेकडो काठ्या हातात घेऊन, हलवून बघून आपला सेट जमवायचा. अमेरिकेच्या बॉबी जोन्सने 1930 साली एका वर्षात चारही मोठ्या स्पर्धा जिंकल्या त्या अशाच हाताने निवडलेल्या क्लबांवर. त्याच्याबद्दल एक गोष्ट सांगतात की पुढे कधीतरी ते क्लब यंत्रावर मोजले तेव्हा एक सोडून सगळे एकमेकांशी जुळले, आणि जो जुळला नाही तोच त्याला कायम त्रास द्यायचा. आमचे मामा काय वेगळं करत होते सांगा? काठी हातात धरून वरखाली.

आणि सँड वेजची गोष्ट तर, जीन साराझेन नावाचा अमेरिकन खेळाडू, 1932 ची ब्रिटिश ओपन, इंग्लंडात केंटमध्ये सँडविच नावाच्या गावाजवळ, प्रिन्सेस कोर्सवर. सँड वेज सँडविचला गाजला, हा विनोद माझा नाही, नकाशाचा आहे. त्याने विमान उडवताना शेपटीचा पडदा हलतो ते बघून क्लबच्या बुडाला झाळकाम करून धातू चढवला, की तो वाळूत रुतायच्या ऐवजी वर येईल, आणि स्पर्धा जिंकला. तो सगळा शोध बुडाचा होता, आणि तेव्हापासून वेज म्हटलं की लोक बुडाचंच बोलतात, माझी तक्रार तिथनंच सुरू होते खरं तर, कारण... काय म्हणता? बारा मिनिटं? छे. बरं. त्या पोरांना आत येऊन माळा लावू दे, मला अडचण नाही, फक्त शिडी माझ्यासमोर नको.

आता पटापट सांगतो, हेच सांगायला आलो होतो.

पहिलं म्हणजे वजन, आणि फ्लेक्सचं अक्षर त्याच्या नंतर. तुमच्या आयर्नचा शाफ्ट किती ग्रॅमचा आहे ते बघा, पट्टीवर नाव असतं, त्यावरनं कळतं. वेजचा शाफ्ट तेवढाच किंवा 10-15 ग्रॅम जास्त, त्याच्या वर नवशिक्याने जाऊ नये असं माझं मत. थोडा जड असण्यात फायदा आहे, अर्ध्या स्विंगला हात घाई करत नाहीत. पण थोडा. दीड बॉल नाही. म्हणजे आयर्नला निप्पॉन 950 सारखं हलकं स्टील असेल, साधारण 95 ते 100 ग्रॅमचं, तर वेजला तेच घ्या किंवा 105-110 चं बघा. आयर्नला 120-130 चं स्टील असेल तर दुकानात टांगलेला वेज तुम्हाला तसाच चालेल, तुम्ही घरी जाऊ शकता. ग्रॅफाइटवाले माझ्यासारखे असतील त्यांनी ग्रॅफाइटचाच वेज मागवा, 70-80 ग्रॅमचा मिळतो, आणि कोपर दुखत असेल तर स्टीलच्या नादी लागूच नका. कॅटलॉगमधलं वजन बहुतेक वेळा न कापलेल्या शाफ्टचं असतं हे लक्षात ठेवा, वेजसाठी 35 इंचाच्या आसपास कापल्यावर ते कमी भरतं, म्हणून शेवटी काटा तो काटा.

फ्लेक्स. सगळ्यात लवचिक एल, मग ए, आर, एस आणि सगळ्यात कडक एक्स, ही अक्षरं सगळ्या कंपन्यांत सारखी नसतात, एकाचा आर दुसऱ्याच्या एस एवढा कडक असू शकतो, त्याचं कुठलंही ठरलेलं माप नाही, स्प्रिंगच्या धंद्यात असं केलं असतं तर गिऱ्हाइकाने माल परत पाठवला असता. डायनॅमिक गोल्ड या स्टील शाफ्टचे एस 200, एस 300, एस 400 बघून लोकांना वाटतं आकडा वाढला की कडकपणा वाढला. नाही, तिन्ही एसच, वजनात एकदोन ग्रॅमचा फरक. आणि वेज फ्लेक्स लिहिलेला असतो तो साधारणपणे जड आणि एसच्या जवळपासचा कडक स्टील शाफ्ट. आयर्न आर असेल तर वेज आर घ्या. शिवाय आपण वेजने पूर्ण स्विंग कितीदा मारतो? बहुतेक फटके अर्धे, पाऊण, त्यात काठी फारशी वाकतच नाही, तेव्हा अक्षरावर रात्र जागवू नका.

लांबी. स्वतः कापू नका. अर्धा इंच कमी केलं की स्विंगवेट, म्हणजे फिरवताना डोकं हाताला किती जड लागतं त्याचं माप, साधारण 3 पॉइंटने पडतं, डी 4 चा डी 1 होतो, डोकं कुठे आहे तेच हाताला कळत नाही. सेटमधलं पिचिंग वेज 35 पूर्णांक तीन चतुर्थांश असेल तर सँड वेज त्याच्याहून अर्धा इंच आखूड, बस.

जुन्या वेजची काठी बदलणार असाल तर टोकाची जाडी मोजा. वेजला बहुधा 0.355 इंचाचं निमुळतं टोक, काही क्लबना 0.370 चं सरळ. 0.370 ची काठी 0.355 च्या भोकात जात नाही, मी ठोकून बघितलंय. काम करणाऱ्याकडेच द्या आणि एपॉक्सीचा गोंद नीट सुकू द्या, नाहीतर डोकं बॉलच्या पुढे जातं.

आणि पिचिंग वेज, गॅप वेज शक्यतो सेटबरोबरचेच ठेवा, काठी आपोआप जुळते. लॉब वेज पहिली दोन वर्षं घेऊच नका, त्याचं कारण सांगायला वेगळा हॉल घ्यावा लागेल.

प्रश्न? हो ताई, विचारा. माझं काय केलं शेवटी? डोकं तेच ठेवलं, काठी बदलली, कापायच्या आधी 78 ग्रॅमचं ग्रॅफाइट. पोह्याच्या डब्यात 421 भरला. पुढच्या शनिवारी सातव्या होलला मामांच्या हातात दिला, त्यांनी वरखाली केला, काही बोलले नाहीत, बॅगेत टाकला आणि चालायला लागले. त्या दिवशी बंकरमधनं दोनदा बाहेर आलो, एकदा नाही आलो.

बरं, काटा आणि डबा इथे टेबलावर आहे, ज्यांनी क्लब आणलेत त्यांनी मोजून बघा, दहा मिनिटं आहेत. ओ, ती माळ जरा वर घ्या, काट्यावर फुलं पडतायत.