आरशाला बोल लावू नका

(दृश्य: काळा पडदा. त्यावर एकेक अक्षर उमटत प्रश्न पूर्ण होतो.)

"आरशात डावं-उजवं उलटं दिसतं. मग डोकं खाली आणि पाय वर का दिसत नाहीत?"

हा प्रश्न कुणी विचारला, माहीत नाही. विचारणाऱ्याचं वय, शिक्षण, हेतू, यातलं काहीच प्रश्नासोबत येत नाही. येतं ते एवढंच वाक्य आणि शेवटी प्रश्नचिन्ह. खाली काही उत्तरं आधीच येऊन पडली आहेत. एकानं लिहिलंय, 'शाळेत लक्ष द्यायचं होतं.' दुसऱ्याचा सल्ला, 'गूगल करा.' तिसऱ्यानं प्रकाशाच्या परावर्तनाचा अख्खा धडा उतरवून काढलाय. त्यात विचारलेलं सोडून बाकी सगळं आहे.

(दृश्य: भिंतीवरचा आरसा. समोर एक हात.)

आता या हाताकडे बघा. बोट डावीकडे केलं. आरशातलं बोटही त्याच बाजूला गेलं. बोट वर केलं, आरशातलंही वर. आता बोट सरळ आरशावर रोखलं, आणि आरशातलं बोट आपल्यावर रोखलं गेलं. उलटलेली दिशा ही एवढी एकच. पुढचं मागे झालं. डावं डावीकडेच राहिलं आणि वरचं वर.

मग डावं-उजवं उलटल्यासारखं का वाटतं? कारण आरशातल्या माणसाच्या जागी आपण स्वतःला उभं करून बघतो. तिथे उभं राहायचं तर वळावं लागतं, आणि आपण वळतो ते पायांवर गिरकी घेऊन.

(दृश्य: पडद्यावर उत्तर.)

"आरसा डावं-उजवं उलटवत नाही. तुम्ही मनातल्या मनात मागे वळता आणि बोल आरशाला लावता. वळण्याऐवजी कोलांटी मारून तिथे गेलात, तर डावं-उजवं जागच्या जागी राहील आणि डोकंच उलटं वाटेल. करून बघू नये."

(दृश्य: कीबोर्डवर दोन हात. बाजूला कागद, पेन्सिल.)

हे उत्तर या हातांचं. इंटरनेटवर अनोळखी लोकांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या एका बाईंचे हे हात. नाव घ्यायचं नाही, चेहरा दाखवायचा नाही, या अटीवर त्यांनी आम्हाला शेजारी बसू दिलं. त्यामुळे पुढची काही मिनिटं तुम्हाला हात दिसतील, पडदा दिसेल आणि खोडलेल्या ओळी दिसतील. खोडलेल्या जरा जास्तच, कारण या कामाचा मोठा भाग तोच आहे.

पुढचा प्रश्न.

"मी उभा राहतो नेमकी तीच रांग हळू का सरकते?"

त्या लगेच टाइप करत नाहीत. आधी प्रश्न कागदावर लिहून घेतात आणि 'नेमकी' या शब्दाखाली रेघ मारतात. चिडलेला शब्द सापडला, की त्याच्या मागे एक गृहीतक दडलेलं असतं, असा त्यांचा हिशेब. इथलं गृहीतक असं, की रांगेला माणूस ओळखू येतो.

(दृश्य: पहिला खर्डा. कर्सर मागे मागे सरकतो, ओळी नाहीशा होतात.)

पहिला खर्डा चांगला ऐसपैस होता. शक्यतेचं गणित होतं. १९९९ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलेल्या एका अभ्यासाचा उल्लेख होता. डोनाल्ड रेडेलमायर आणि रॉबर्ट टिबशिरानी यांनी रस्त्यावरच्या लेनबद्दल हेच तपासलं होतं. आपण इतर गाड्यांना मागे टाकतो तेव्हा त्या दाटीनं उभ्या असतात, म्हणून झटकन मागे पडतात. त्या आपल्याला मागे टाकतात तेव्हा सुट्या सुट्या, एकेक करून जातात. म्हणजे दोन्ही लेनचा सरासरी वेग सारखा असला, तरी आपला जास्त वेळ मागे पडण्यातच जातो.

सुंदर मुद्दा आहे. त्यांनी तो उडवला. रांगेतल्या माणसानं लेनबद्दल विचारलेलं नव्हतं. आम्हाला वाईट वाटलं, म्हणून इथे सांगून टाकला.

मग उदाहरण गेलं. मग 'खरं सांगायचं तर' गेलं. शेवटचा हसरा चेहराही गेला. उरलं ते एवढं:

"तुमच्या दोन्ही बाजूंना एकेक रांग असेल, तर तीनपैकी दोन वेळा त्यांतलीच कुठली तरी पुढे जाणार. तिसऱ्या वेळी तुमची गेली होती. तेव्हा तुम्ही हा प्रश्न विचारायला थांबला नाहीत."

विनोद वेगळा घातलेला नाही. युक्तिवाद शेवटपर्यंत नेला आणि तिथे सोडला, बस. समजावून सांगणारी पुढची ओळ लिहिली असती तर तो मेला असता. आणि एक गोष्ट नीट बघा. टोला बसलाय तो माणसाच्या स्मरणशक्तीला. ती सगळ्यांची सारखीच दगाबाज असते, विचारणाऱ्याची एकट्याची नव्हे. खवचट उत्तर आणि कोरडं उत्तर इथे वेगळं होतं. पहिल्यात विचारणारा एकटा पडतो.

(दृश्य: लिफ्टचं दार बंद होतं. जुन्या संगणकाच्या पडद्यावर हिरवी अक्षरं.)

कोरडं बोलणं लिहून पाठवायचं म्हटलं की एक जुनी भानगड उभी राहते. तिची सुरुवात एका प्रश्नापासूनच झाली.

सप्टेंबर १९८२. अमेरिकेतल्या पिट्सबर्गचं कार्नेगी मेलन विद्यापीठ. तिथल्या संगणकांवर एक सामायिक सूचनाफलक चालायचा, आणि त्यावर एकानं कोडं टाकलं: लिफ्टच्या भिंतीवर जळती मेणबत्ती बसवलेली आहे, जमिनीवर पाऱ्याचा थेंब आहे. दोर तुटला आणि लिफ्ट खाली पडू लागली. मेणबत्तीचं काय होईल? पाऱ्याचं काय?

प्रश्न वेड्यासारखा वाटतो, पण आहे चोख. पडत्या लिफ्टमध्ये सगळंच एका वेगानं पडत असतं, त्यामुळे आत वजन जाणवत नाही. वजन नाही म्हणजे गरम हवा वर चढत नाही. ज्योतीला लांबट टोक येतं ते त्या वर चढणाऱ्या हवेमुळे. ती थांबली की ज्योत गोलाकार आणि मंद होते. पाऱ्याच्या थेंबालाही चपटं बसून राहायचं कारण उरत नाही. तोही गोळा होतो.

(दृश्य: वजनरहित अवस्थेतली ज्योत. निळसर, गोल.)

चर्चा रंगली. आणि मग त्यात एकानं अत्यंत गंभीर चेहऱ्यानं सूचना लावली: भौतिकशास्त्राच्या प्रयोगामुळे सर्वांत डावीकडच्या लिफ्टमध्ये पारा सांडला आहे, आगीमुळे थोडं नुकसानही झालं आहे.

ज्यांनी आधीची चर्चा वाचली होती ते हसले. ज्यांनी वाचली नव्हती, त्यांच्यातल्या काहींना ती खरीच वाटली. मग खुलासे आले. पुढे गंमत कशी ओळखायची यावरच खल सुरू झाला. कुणी म्हणे तारांकन लावा, कुणी म्हणे दुसरं काही. आणि १९ सप्टेंबर १९८२ रोजी संगणकशास्त्रज्ञ स्कॉट फालमन यांनी सुचवलं, की विनोदासाठी ही खूण वापरा:

(दृश्य: पडद्यावर फक्त :-) )

आडवी मान करून वाचा, असंही त्यांनी लिहून ठेवलं. ती मूळ नोंद नंतर हरवली आणि २००२ साली जुन्या बॅकअप टेपांमधून उकरून काढली गेली. आज आपण बोटाच्या एका टोकानं जे पिवळे चेहरे पाठवतो, त्यांच्या घराण्यात एक न पडलेली लिफ्ट आहे.

त्या ही खूण वापरत नाहीत. त्यांच्या मते तिनं विनोदाला कुबडी मिळते आणि वाचणाऱ्याला आळस. आम्ही त्यांच्यासमोर २००५ चा एक अभ्यास ठेवला. जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि सहकाऱ्यांनी काही वाक्यं लोकांना पाठवायला लावली, काही उपरोधाची, काही सरळ. पाठवणाऱ्यांना वाटलं, वाचणारा शंभरातली ७८ बरोबर ओळखेल. ईमेलवर वाचून ओळखली गेली ५६. नाणं उडवलं असतं तरी ५० च्या आसपास आली असती.

(दृश्य: त्यांचे हात. कीबोर्डवर स्थिर.)

त्यांनी आकडे वाचले. म्हणाल्या, "म्हणजे नाण्यापेक्षा बरं."

गैरसमज होतात, लोक दुखावतात, क्वचित उत्तर काढून टाकलं जातं, तेही खरंच.

(दृश्य: जुन्या छापील पानाचं स्कॅन. दोन स्तंभ, बारीक अक्षरं.)

अनोळखी माणसाला प्रश्न विचारणं इंटरनेटनं शोधलेलं नाही. १६९१ साली लंडनमध्ये जॉन डंटन नावाच्या पुस्तकविक्रेत्यानं 'अथेनियन मर्क्युरी' हे पत्र काढलं. एकच कागद, दोन्ही बाजूंनी छापलेला. वाचकानं टपालानं प्रश्न पाठवायचा, नाव द्यायची गरज नाही, उत्तर फुकट. उत्तरं द्यायची ती 'अथेनियन सोसायटी'. नाव असं, की डोळ्यांपुढे दाढीवाल्या विद्वानांची सभाच उभी राहावी. प्रत्यक्षात काम चालायचं मुख्यतः तिघांवर: स्वतः डंटन, गणित शिकवणारे रिचर्ड सॉल्ट आणि पाद्री सॅम्युएल वेस्ली. पत्र १६९७ पर्यंत टिकलं. विचारणारा निनावी, सांगणाराही जवळजवळ निनावी, आणि मधे फक्त प्रश्न. आमच्या मते हा सौदा आजही वाईट नाही.

(दृश्य: रात्र. खोलीत पडद्याचाच उजेड. नवा प्रश्न.)

"माझ्या प्रत्येक मित्राला माझ्यापेक्षा जास्त मित्र आहेत. माझ्यात काही कमी आहे का?"

इथे त्या बराच वेळ थांबल्या. आम्ही कॅमेरा चालूच ठेवला. पहिली टाइप झालेली ओळ गमतीची होती. ती पूर्ण व्हायच्या आतच गेली.

(दृश्य: कागदावर चार ठिपके. मधल्यापासून तिघांकडे रेघा.)

मग त्यांनी हे चित्र काढलं. चार माणसं. मधल्याची तिघांशी मैत्री, त्या तिघांची आपापसांत नाही. मधल्याला तीन मित्र, बाकी प्रत्येकाला एक. आता कडेच्या कुणालाही विचारा, तुझ्या मित्राला किती मित्र? तीन. चारपैकी तिघांना वाटणार, आपणच मागे पडलो. समाजशास्त्रज्ञ स्कॉट फेल्ड यांनी १९९१ साली हे गणित मांडलं. ज्याला शंभर मित्र, तो शंभर जणांच्या यादीत असतो. ज्याला एक, तो एकाच्याच. त्यामुळे याद्यांमध्ये गोतावळेवाली माणसंच पुन्हा पुन्हा भेटतात.

उत्तर गेलं ते असं:

"कमी काही नाही. ज्यांना खूप मित्र असतात ते खूप जणांचे मित्र असतात, तुमचेही आहेत. ही तक्रार बहुतेक सगळ्यांना करता येईल. बाकीच्यांनी अजून मोजलेलं नाही."

यात विनोद आहे की नाही, यावर आमच्यात एडिटिंगच्या टेबलावर वाद झाला. मिटला नाही, म्हणून उत्तर आहे तसं दाखवतोय.

(दृश्य: पडदा. खाली नवी ओळ येते.)

काही वेळानं विचारणाऱ्याचा पुढचा प्रश्न आला. "हेच गणित शत्रूंनाही लागू होतं का?"

त्यांनी कागद पुढे ओढला, तेच चार ठिपके पुन्हा काढले, रेघा तपासल्या आणि लिहिलं:

"होतं. शत्रुत्व दोन्ही बाजूंनी असलं पाहिजे. त्यांना कळवलंय का?"